प्रती : एक

फॉर्ममध्ये विचारलं, प्रती किती.
मी लिहिलं, एक.
वाटलं, आता नकार येईल.
अण्णांना हबीबसेठ म्हणाले होते,
पाचशेच्या खाली मशीनला हात लावणं परवडत नाही.
स्क्रीन काहीच म्हणाली नाही.
चारशे बारा रुपये, कुरिअर धरून.

अण्णा कंपोझिटर. सेलूत, स्टेशन रोडला.
बाहत्तरच्या दुष्काळात
सुट्टीच्या दिवशी सायकल काढून हिंडले
आणि विहिरींची नावं गोळा केली.
सासूची विहीर. तेलणीची. दोन तोंडांची बारव.
पाणी गोड, मचूळ, की नुसतंच थंड.
बत्तीस पानं. खिळे स्वतःच जुळवले,
रात्री, मालकाच्या दिव्यात.
कागदाचे पैसे पगारातून कापा म्हणाले.

पाचशेतल्या चाळीस खपल्या.
उरलेल्या आमच्या खाटेखाली.
पाहुणा आला की माय गठ्ठ्यावर उशी टाकायची.
काही वाळवीनं वाचल्या,
बाकीच्या भेळवाल्यानं नेल्या.
एक उन्हाळाभर सगळ्या सेलूनं
विहिरींच्या नावांत भेळ खाल्ली.

घरात एकही राहिली नाही.
सापडली पाथरीच्या एका निवृत्त तलाठ्याकडे,
पत्र्याच्या पेटीत, जमिनीच्या नकाशांखाली.
देणार नाही म्हणाले, फोटो काढून न्या.
खिडकीपाशी बसून चौतीस फोटो काढले.
सातव्या पानावर माझा अंगठा आलाय.

मग ‘डाग काढा’ असं एक बटण.
दाबलं. कुणाचं हळदीचं बोट गेलं,
फुटलेली शाई गेली,
आणि समासात पेन्सिलनं कुणी लिहिलेलं,
तेही गेलं:
बुजली. बुजली. बोअर घेतला. आहे. बुजली, १९८८.
तलाठी म्हणाले होते, अक्षर माझं नाही.
म्हणजे आणखी कुणीतरी अण्णांच्या मागून
तेवढंच हिंडलं होतं.
बटण परत फिरवलं. डाग आले.
जीव भांड्यात पडला.

शेवटच्या आठ पानांत ळ नाही.
ळचे सगळे खिळे तेव्हा
काळे वकिलांच्या प्रचारपत्रकात अडकलेले.
साचा सोडायचा नाही, अजून हजार लागतील.
अण्णा ल वर भागवत गेले.
पिंपलाखालची. कालीतली.
हिचा तल लागत नाही.
ही उपसली तर खाली नुसता गाल.
काळे पडले. ळ परत आला.
तोवर पुस्तक शिवून झालं होतं.

चुका दुरुस्त करायच्या का, तेही विचारलं.
शेजारी बसलेली नात म्हणाली,
तुझे अण्णा बोबडे होते का गं?
नव्हते, म्हटलं.
मग थोड्या वेळानं म्हटलं, शेवटी होते.
लकव्यानंतर मला हाक यायची,
बाल, पाणी दे.
दुरुस्ती नको, यावर टिक केली.

कमीत कमी चाळीस पानं लागतात म्हणे.
आठ कोरी सोडली.

अकराव्या दिवशी आलं.
रॉकेलचा वास नाही, ज्यानं अण्णा हात धुवायचे.
नव्या चपलेचा येतो, थोडासा.
नागनाथ शिवलिंग उमाटे,
नावावरून बोट फिरवलं.
अक्षर कागदात रुतलेलं नाही,
वर नुसतं बसलंय, पाहुण्यासारखं.

रविवारी रिक्षा करून गेले.
पान एकोणतीस, कालीतली विहीर.
तिथला समास कोरा.
तो पेन्सिलवाला इथवर पोचला नसावा.
रिक्षावाला म्हणाला, मावशी, सांभाळून, कठडा ढिला आहे.
वाकले.
पाणी नव्हतं.
पुस्तक गुडघ्यावर उघडलं,
पेन्सिल जिभेला लावली
आणि लिहिलं:
गाल आहे.